मागचेच उत्तर कायम

रविवारी दुपारी एकच्या ठोक्याला त्याने ताईला फोन केला आणि नेहमीची सुरुवात करायच्या आधी, का कोण जाणे, दाढेचे सांगून टाकले. "ताई, काल माझी दाढ काढली." पलीकडून ताई म्हणाली, "हो हो, सगळं ठीक." त्याला वाटले, लाइन खराब असेल. लाइन खराब असणे ही त्याच्या धंद्यातली गोष्ट, त्यामुळे कशाचेही कारण शोधताना तीच त्याला आधी सुचे. तो जरा आवाज चढवून म्हणाला, "अगं, ठीक कुठलं? रात्रभर रक्त येत होतं." थोडा वेळ काहीच नाही. मग तिच्या त्या जुन्या, स्वच्छ, एकेक अक्षर सुटे करून बोलायच्या आवाजात उत्तर आले, "काही नको रे. आहे सगळं." त्याला हसू फुटले. ती म्हणाली, "तू जेवलास ना?" तो म्हणाला, "दाढ काढल्यावर कोण जेवतं?" ती म्हणाली, "बरं, ठेवते मग." आणि ठेवलाच. फोन खाली ठेवल्यावर ते हसू त्याच्या तोंडावर तसेच राहिले आणि त्याचे काय करावे हे त्याला कळेना. बायकोने आतून विचारले, "काय म्हणतात ताई?" तो म्हणाला, "मजेत आहे."

दाढ तशी दुखत नव्हती. हिरडी सुजली म्हणून तो दातांच्या डॉक्टरकडे गेला होता, आणि डॉक्टरने आरसा आत घालून, टकटक करून विचारले होते, "हे दुखतंय? हे?" "नाही." "कधीपासून दुखत नाही?" असला उलटा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाला, "आतली शीर मेली की दुखायचं थांबतं. लोक म्हणतात, बरं झालं. आणि मग आमच्याकडे येतात." सोमवारी सकाळी ऑफिसच्या जिन्यावर चढताना त्याची जीभ पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे जात होती. जागा मऊ होती, जराशी खारट, आणि आरशात दिसली त्यापेक्षा कितीतरी मोठी. एवढे मोठे काहीतरी आपल्या तोंडात पन्नास वर्षे होते आणि आपण त्याची कधी चौकशी केली नाही, असे काहीसे त्याच्या मनात आले. मग तिसरा मजला आला, मोठ्या टेबलावर बांधून ठेवलेला आराखड्याचा गठ्ठा दिसला आणि तो विचार तिथेच राहिला.

देशभरातल्या प्रयोगशाळा, वेधशाळा, विद्यापीठे आणि कुठे कुठे कोपऱ्यात बसलेली मोजमापाची केंद्रे एकमेकांना जोडणारे जे संगणकांचे जाळे होते, त्याच्या पुढच्या पाच वर्षांच्या गरजेचा आराखडा करणे हे त्याचे काम. कोणाला किती रुंद लाइन लागेल, कुठली वाढवायची, कुठली काढून घ्यायची. दर पाच वर्षांनी तो हे करी आणि मधली चार वर्षे ते कसे चुकले ते बघत बसे, म्हणून ऑफिसात त्याला 'पंचवार्षिक' म्हणत. तोंडावर 'सर', पाठीमागे 'पंचवार्षिक'. त्याला हे ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर आवडतही होते. माणूस पाच-पाच वर्षांनी विचार करतो म्हणजे काही लहान नाही. त्याच्या खोलीत भिंतीवर काचेची एक पट्टी होती आणि तिच्यावर कोरलेले होते, 'शंभर टक्के प्रतिसाद'. ती दहा वर्षांपूर्वीची. त्याआधी चारशे बारा केंद्रांना कागदी फॉर्म जात, त्यातले दोनशे परत येत, आणि त्या दोनशेंतही निम्म्यांवर चहाच्या कपाचे गोल असत. शास्त्रज्ञ मंडळींना विश्वाचे वय विचारा, चटकन सांगतील. पुढच्या पाच वर्षांत तुम्हाला काय लागेल म्हणून विचारा, की हातावर तुरी. मग त्याने फॉर्म संगणकावर आणला आणि नियम केला: केंद्राने पान उघडायला घेतले आणि वीस मिनिटांत काही भरले नाही, तर मागच्या फेरीतले उत्तर, तेही नसेल तर 'आहे तेवढे पुरे', पुढे चालू धरायचे. यादीत त्यापुढे आपोआप शब्द उमटत, 'मागचेच उत्तर कायम'. हे शब्द त्याचे स्वतःचे. संचालकांनी तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारली होती. एकही रकाना रिकामा राहिला नाही.

त्या सोमवारी अकराच्या सुमाराला भरती केंद्राचा माणूस आला. देशाच्या अगदी टोकाला, खाडीच्या तोंडाशी एक केंद्र होते. समुद्राची भरती किती चढली, ओहोटी किती उतरली हे तिथे दिवसरात्र मोजले जाई. केंद्रावर माणसे दोन, त्यातला थोरला हा. वाऱ्याने रापलेला, खांद्याला पिशवी, निवृत्तीच्या कागदांसाठी राजधानीत आलेला. पंचवार्षिकाने त्याला बसवले, चहा मागवला. "नाव मोठं चमत्कारिक हो तुमच्या केंद्राचं," तो काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाला. "तर काय," भरतीवाला म्हणाला, "महिन्याला चार-दोन नोकरीचे अर्ज येतात आमच्याकडे. मी परत पाठवतो. लिहितो, इथे फक्त पाण्याची भरती होते." दोघे हसले. मग भरतीवाल्याने पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली. गेल्या महिन्याची मापे त्या डबीतल्या तबकडीत होती. एरवी ती एस.टी.ने येई, या खेपेला तो स्वतःच घेऊन आला होता. "बसने का पाठवता? लाइन आहे की तुम्हाला." भरतीवाल्याने त्याच्याकडे जरा दयेने पाहिले. "साहेब, त्या लाइनीवरून एका महिन्याचं पाणी पाठवायला सव्वा महिना लागतो." आणि मग उठता उठता, अगदी सहज, छत्री विसरली का बघावे तसे त्याने विचारले, "तुमचा तो गरजेचा फॉर्म यंदा आला नाही वाटतं?" "आला की. उत्तरही दिलंत तुम्ही. मागचेच उत्तर कायम." "मी?" भरतीवाला पुन्हा बसला. "अहो, ते पान आमच्याकडे उघडतच नाही. वरची तुमच्या ऑफिसची मुद्रा दिसते, ती सावकाश सावकाश खाली येते, निम्मी आली की सगळं पांढरं. मागच्या खेपेलाही तसंच. त्याच्या मागच्याही." "मग कळवलं का नाहीत?" भरतीवाल्याने कप बशीत ठेवला. "कळवणार होतो. आमचा धाकटा म्हणाला, गप बसा. तक्रार केली तर आहे तीसुद्धा काढून नेतील." तो गेल्यावर डबी टेबलावर राहिली. पंचवार्षिक बराच वेळ तिच्याकडे बघत बसला आणि जिभेने हिरडी चाचपत राहिला.

कारण धाकट्याची भीती खरी ठरली होती, तीही तक्रार न करताच. आराखड्यात तीन फेऱ्या ज्यांची गरज वाढली नाही ती केंद्रे 'क' वर्गात घातली होती, आणि 'क' वर्गाच्या लाइनी काढून मोठ्या प्रयोगशाळांना द्यायच्या होत्या. बुधवारी समितीची बैठक. ऑफिसात आकड्यांचे काम बघणारी एक बाई होती, तिला सगळे आकडेवाली म्हणत. ती कधी जास्त बोलत नसे, आणि बोलली की लोकांना वाटे, बोलली नसती तर बरे. त्याने तिला बोलावले. म्हणाला, "मला एवढंच काढून द्या, किती उत्तरं माणसाच्या बोटाने आलीत आणि किती घड्याळाने." तिने दुपारी कागद आणून ठेवला. चारशे बारापैकी एकसष्ट घड्याळाने. "आणि सर," ती म्हणाली, "या एकसष्टांच्या लाइनी मी रुंदीप्रमाणे लावून बघितल्या. सगळ्यांत अरुंद एकसष्ट. एकही इकडची तिकडे नाही." तिने चष्मा काढून पुसला. "म्हणजे आपण लाइनीवरूनच विचारलं, की लाइन पुरते का. ज्यांना पुरत होती ते हो म्हणाले." तो म्हणाला, "कळलं मला." "मी फक्त वाचून दाखवलं," ती म्हणाली आणि गेली. तो खुर्चीत मागे टेकला आणि त्या क्षणी त्याच्या कानात, अगदी कानाच्या आत, ताईचा आवाज आला: काही नको रे. आहे सगळं. गेली दोन वर्षे दर रविवारी फोन उचलला गेला की तो विचारायचा, "कशी आहेस? ऐकू येतंय ना नीट?" आणि ती म्हणायची, "हो हो, सगळं ठीक." फोनवरूनच विचारायचा, की फोनवरचे ऐकू येते का. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी भर दुपारी, भर ऑफिसात, त्याला शाळेतून घरी जावेसे वाटले.

घर म्हणजे तेव्हा ताईच होती. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा, ताई एकोणिसाची. वडील होते, पण असून नसल्यासारखे. ताईने शिक्षण सोडले आणि टेलिफोन एक्सचेंजात लागली. कानावर घट्ट बसणारे ते काळे यंत्र, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या, आणि दिवसभर ह्याचे त्याला जोडून देणे. "बोला, तुमची लाइन जोडली आहे." "तीन मिनिटं झाली." ते एकेक अक्षर सुटे करून बोलणे तिथलेच. तिच्या कानाच्या पाळीवर त्या यंत्राचा वळ उमटलेला असे आणि रात्री ती तिथे तेल लावी. एकदा त्याने विचारले होते, लोक काय बोलतात ते तुला ऐकू येतं का गं? ती म्हणाली, "येतं, पण आम्ही ऐकत नाही. घड्याळाकडे बघतो. माणूस कधी काय बोलणार ते घड्याळावरून कळतं. पहिलं मिनिट सगळे ख्यालीखुशालीत घालवतात, खरं काय ते शेवटच्या अर्ध्या मिनिटात सांगतात, आणि तेवढ्यात लाइन तुटते." त्यावर ती कितीतरी हसली होती. तेहतीस वर्षे तिने ते यंत्र कानाला लावले. त्या कानावर तो शिकला, साहेब झाला, देशाला जोडायला लागला. लग्न तिने केले नाही. का केले नाही हे त्याने विचारले नाही. बहुधा काही नको असेल, असे तो धरून चालला होता.

आणि तो बसस्टँड. दोन वर्षांपूर्वी ताई महिनाभर त्याच्याकडे राहायला आली होती. महिनाभरात तिने कशाला नाव ठेवले नाही, कुठल्या वस्तूची जागा बदलली नाही. फक्त तो जेवायला बसला की समोर बसून त्याच्याकडे बघत राही, लहान मुलाने भात टाकू नये म्हणून बघावे तसे. त्याला त्याचाच जाच व्हायचा. बाहेर तो देशाच्या गरजा ठरवत होता आणि घरी कोणीतरी त्याचे ताट तपासत होते. तिच्या नजरेत त्याचे सगळे दिसे: तो बायकोला उत्तर न देता पेपर कसा उलटतो, मुलीचा फोन आला की कसा लगेच आईकडे देतो. ती बोलत काहीच नसे. जायच्या दिवशी स्टँडवर बस लागली, पिशवी आत ठेवून झाली, कंडक्टरने घंटी दिली, आणि पायरीवर उभ्या उभ्या ती म्हणाली, "मला तिथे एकटीला होत नाही रे आता. इथेच राहू का मी?" शेवटच्या अर्ध्या मिनिटात. तो म्हणाला, "बघू." मग तेवढ्याने बरे दिसत नाही म्हणून पुढे म्हणाला, "पुढच्या खेपेला बघू." बस गेली. त्या रविवारपासून त्याने एकदाही न चुकवता फोन सुरू केला. शंभर रविवार तरी झाले असतील. शंभर वेळा 'काही नको'. एवढी उत्तरे जमली की पायरीवरचे ते एक वाक्य त्यांच्या ओझ्याखाली दिसेनासे होते. ते दिसेनासे व्हावे म्हणूनच आपण फोन करत होतो की काय, हे त्याने स्वतःला विचारून बघितले. उत्तर आले नाही, आणि उत्तर न येण्याचा अर्थ काय धरायचा हे आता त्याला कळत नव्हते.

मंगळवारी तो संचालकांकडे गेला. संचालक त्याच्याच बरोबरीचा, एकाच वर्षी लागलेला. फक्त तो जिना चढताना कुठे थांबला नव्हता. त्याने एकसष्टांचा कागद वाचला, दार लावून घेतले आणि म्हणाला, "हे तू आज सांगतोयस? वरातीमागून घोडं?" "मला काल कळलं." "आराखड्याच्या पहिल्या पानावर काय छापलंय? शंभर टक्के प्रतिसाद. ते कोणाचं वाक्य?" "माझं." "मग?" संचालक उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. तो वाईट माणूस नव्हता. "अरे, पुन्हा विचारायचं म्हणजे सहा महिने. तोवर सगळंच अडकेल, मोठ्यांचं पण. आणि ज्यांना खरंच गरज होती त्यांनी एक पत्र तरी टाकावं की नाही? रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही." पंचवार्षिक म्हणाला, "रडलेलं ऐकू आलं नाही तर?" संचालकाने त्याच्याकडे पाहिले. "तुझी तब्येत बरी आहे ना? गाल सुजलाय." मग दोघांनी मिळून तोडगा काढला. त्रेचाळिसाव्या पानावर बारीक अक्षरात तळटीप: 'एकसष्ट केंद्रांची उत्तरे गृहीत धरलेली आहेत.' संचालक म्हणाला, "पुढच्या खेपेला नीट करू." हे शब्द ऐकताना त्याला स्टँडवरचा डिझेलचा वास आला, इतका खरा, की त्याने खिडकीकडे बघितले.

घरी त्याने बायकोला विचारले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एका खोलीत त्याच्या जुन्या आराखड्यांचे गठ्ठे होते, तीन फेऱ्यांचे, भिंतीला लावून छातीएवढे. "ताई इथे राहायला आली असती तर तुझं काय म्हणणं होतं?" बायको घडी घालायची थांबली. "असती म्हणजे?" "म्हणजे… दोन वर्षांपूर्वी म्हणाली होती ती." "आणि तुम्ही काय म्हणालात?" "मला वाटलं, तुला चालणार नाही." बायकोने हातातला टॉवेल खाली ठेवला. चिडली असती तर त्याला सोपे गेले असते. "मला विचारलंत कधी?" ती म्हणाली. "मी त्या खोलीतली रद्दी काढायला किती वर्षं सांगतेय. कोणासाठी सांगत होते असं वाटलं तुम्हाला?" तिने पुन्हा टॉवेल उचलला. "घेऊन या त्यांना. या रविवारी जा आणि घेऊनच या." म्हणजे तिचाही रकाना त्यानेच भरून टाकला होता. तो त्या खोलीत गेला, दोन गठ्ठे उचलून दाराबाहेर ठेवले, घाम आला म्हणून थांबला. भिंतीला एक पलंग लागेल एवढी जागा सहज होती. एवढी जागा इतकी वर्षे होती.

बुधवारी बैठक झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, अध्यक्षबाई. त्यांनी आराखडा चाळला, त्रेचाळिसावे पान चाळले, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघून एकच प्रश्न केला, "सगळ्यांना विचारलंय ना?" अगदी साधा प्रश्न. त्याच्या खिशात भरतीवाल्याची डबी होती. ती तो मुद्दाम घेऊन आला होता, काढून टेबलावर ठेवायची आणि बोलायचे असे ठरवून. वाक्यही तयार होते. आकडेवाली भिंतीशी बसली होती आणि तिने मान वर केली. त्याने तोंड उघडले आणि तोंडातून आले, "हो. शंभर टक्के." दहा वर्षांत हे शब्द त्याने इतक्यांदा म्हटले होते की ते त्याच्या हुकमाची वाट बघत नव्हते. अध्यक्षबाईंनी सही केली. आकडेवालीने मान खाली घातली आणि कागदावर काहीतरी लिहिले. काय लिहिले ते त्याला कधी कळले नाही. तो भित्रा होता का? तसेही नाही. भित्र्या माणसाला निदान भीती वाटते. त्याला त्या क्षणी काहीच दुखले नव्हते.

रविवारी सकाळी तो ताईच्या गावच्या बसमध्ये बसला. पाच तासांचा रस्ता. खिडकीतून शेते, कारखाने, पुन्हा शेते. पूर्ण वाट तो एकच शब्द तोंडात घोळवत होता: चल. ताई, चल. सामान नंतर आणू, आधी तू चल. ज्याला ऐकू येत नाही त्याला हा शब्द कसा सांगायचा म्हणून त्याने खिशात कागद आणि जाड पेन ठेवले होते. देशभरच्या लाइनी गेल्या तर गेल्या, ही एक आपल्या हातातली आहे, असे तो स्वतःशी म्हणाला, आणि आपण समुद्राच्या बदल्यात बहीण असा काही सौदा करतोय हे त्याच्या लक्षात आले तेव्हा तो बाहेर बघू लागला. तिच्या गल्लीत शिरला तेव्हा एकला पाच कमी होते. घर तळमजल्यावरचे, दोन खोल्यांचे. खिडकी उघडी, पडदा बाजूला. त्याने दारावर टकटक केली. मग जोरात केली. मग थांबला, कारण खिडकीतून त्याला ती दिसली.

ताई फोनसमोर खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, अंगावर बाहेर जायचे कपडे, चष्मा लावलेला. फोनच्या वर भिंतीवर घड्याळ, आणि घड्याळाखाली टाचणीने लावलेला एक कागद. ती घड्याळाकडे बघत होती. एक वाजला. ती हलली नाही. घंटी वाजून व्हावी एवढा वेळ तिने जाऊ दिला, मग रिसीव्हर उचलून कानाला लावला. आपण फोन केलेला नाही हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने खिशावर हात नेऊन चाचपले. ताईने थोडे थांबून कागदाकडे पाहिले आणि हसऱ्या चेहऱ्याने म्हणाली, "हो हो, सगळं ठीक." मग काट्याकडे बघत राहिली. अर्धे मिनिट गेले असेल. तेवढ्या वेळात तो एरवी काय बोलायचा हे त्याला खिडकीबाहेर उभ्या उभ्या आठवत होते, शब्दन् शब्द. "काही नको रे. आहे सगळं," ताई म्हणाली. पुन्हा काटा. "तू जेवलास ना?" आणि यावेळी तिने रिसीव्हर कानावरून काढून दोन्ही हातांत धरला, जरा वेळ छातीशी ठेवला, आणि रिसीव्हरलाच म्हणाली, "बरं, ठेवते मग." शंभर रविवार तो इतके तेच ते बोलला होता, की त्याच्यावाचून काही अडत नव्हते.

दार नुसते लोटलेले होते. तो समोर जाऊन उभा राहिला तेव्हा ती दचकली, मग तिचा चेहरा असा उजळला की त्याला बघवेना. "अरे! आत्ताच बोलले की तुझ्याशी!" ती म्हणाली. आणि मग तिचे तिलाच कळले. तिने हळूच हात वर नेऊन भिंतीवरचा कागद काढला, त्याची घडी घातली, आणि ती घडी मुठीत ठेवून खाली बसली. तो तिच्या शेजारी बसला. "सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, ओठांकडे, पूर्वी ताटाकडे बघायची तशी. "सावकाश बोल," ती म्हणाली. "तोंडावरून थोडं कळतं मला." त्याने पुन्हा विचारले. "सांगितलं असतं तर तू फोन करायचा बंद झाला असतास," ती म्हणाली. "एक वाजता तू तिकडे फोन धरून बसलेला असतोस, एवढं मला माहीत असायचं. तेवढं पुरायचं." ती हसली. "एक्सचेंजात तेहतीस वर्षं काढली रे. लाइन कशी टिकवायची ते मला कळतं."

त्याने खिशातून कागद आणि पेन काढले. मोठ्या अक्षरात लिहिले: ताई, तुला काय हवंय? तिने कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, दोनदा वाचला. गल्लीतून कोणीतरी सायकल हातात धरून नेत होते आणि चाकाची कटकट त्याला ऐकू येत होती, तिला येत नव्हती. "मागच्या खेपेला सांगितलं होतं ना तुला," ती म्हणाली. "स्टँडवर. तेच." आणि तिने मान वर करून त्याच्या ओठांकडे पाहिले. ती वाट बघत होती हे तिने लपवले नाही. चल, तो मनात म्हणाला. खोलीत जागा होती, बायको वाट बघत होती, पाचची परतीची बस होती, आणि हा शब्द त्याने पाच तास तोंडात धरून आणला होता. त्याच वेळी त्याला जेवणाचे टेबल दिसले, समोरची खुर्ची, आणि त्या खुर्चीतून रोज, मरेपर्यंत रोज, आपल्या तोंडाकडे बघणारे हे दोन डोळे. त्याची जीभ दाढेच्या जागी गेली. त्याने तोंड उघडले. ओठ एकमेकांना चिकटले, सुटले, आणि मग पुढे येऊन गोल झाले.

तो शब्द वाचायला तिला वेळ लागला नाही, स्टँडवरही तिला तोच मिळाला होता. "बरं," ताई म्हणाली आणि प्रश्नाचा कागद नीट घडी करून त्याच्या खिशात परत ठेवला. उठता उठता तिने त्याच्या सुजलेल्या गालाला हात लावला. "काही नको रे. आहे सगळं," ती म्हणाली. मूठ उघडून कागद बघायची तिला गरज पडली नाही. "तू जेवलास ना?"